टाक्याची सुई

ठाणे पूर्वेला, कोपरीत, एका दातांच्या दवाखान्यात मी मदतनीस आहे. दवाखाना छोटा. दोन खुर्च्या, एक एक्स-रे, आत ओट्याएवढी धुण्याची जागा. मॅडम स्वतः दोन्ही वेळ असतात. अक्कलदाढ काढायची असली की बाहेरून सर्जन सर येतात. बाहेरच्या टेबलावर एक मुलगी बसते आणि झाडू-पोछ्याला बिल्डिंगच्याच मावशी येतात. एवढाच आमचा कारभार. मी काही नर्सिंग केलेलं नाही. बारावी झाले, लग्न झालं, मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा कामाला लागले आणि जे शिकले ते मॅडमच्या हाताखाली शिकले.

हे लिहायचं कारण असं की कोपरी, चेंदणी, मीठबंदर रोड या पट्ट्यात असे दवाखाने गल्लोगल्ली आहेत. पॅथॉलॉजी आहेत, दातांचे आहेत, साधे जनरल प्रॅक्टिसवाले आहेत. सगळीकडे माझ्यासारख्या बायका आणि मुली कामाला असतात. माझ्यावर जे आलं ते त्यांच्यावर कधीही येऊ शकतं. तेव्हा काय करायचं हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्याकडे गबाळेपणा होता असं कोणी समजू नये. भिंतीवर चार रंगांचा तक्ता होता. पिवळी पिशवी रक्ताच्या कापसाला, लाल प्लास्टिकला, निळी काचेला, पांढरा डबा सुयांना. कचऱ्याची गाडी ठरल्याप्रमाणे येत होती. इंजेक्शनच्या सुया जाळायचं छोटं मशीन होतं आणि सुईला टोपण परत लावायचं नाही हे मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. इंजेक्शनच्या सुईला आम्ही सगळेच जपायचो. लागली ती दुसरीच सुई.

त्या संध्याकाळी सरांनी एका काकांची अक्कलदाढ काढली. दाढ आडवी होती, खूप वेळ लागला, रक्तही बरंच गेलं. शेवटी टाके घातले. टाक्याची सुई अर्धगोल असते, नखाएवढी, मागे काळा दोरा. ती जाळायच्या मशीनच्या भोकात जात नाही. सर दोरा कापून ती ट्रेमध्ये ठेवत आणि वर रक्ताचे गॉझ टाकत. त्यांना पुढे मुलुंडला दुसऱ्या दवाखान्यात जायचं असायचं, त्यामुळे टाके झाले की ते हात धुऊन निघत. पांढरा डबा होता, पण आत सिंकखालच्या कपाटात.

मी ट्रे उचलून आत नेला. चिमटे, आरसा, एलिव्हेटर बाजूला काढले. मग गॉझचा बोळा पिवळ्या पिशवीत टाकायला मुठीत धरला आणि तर्जनीत कळ गेली. हातमोजे होते. पण तोंड तपासताना घालतात ते पातळ. मोजा काढला तर पेराशी रक्ताचा टिपका आणि मोज्यात ती सुई तशीच अडकलेली.

बाहेरची मुलगी धावत आली. तिने माझं बोट धरून पिळायला सुरुवात केली, रक्त बाहेर गेलं की विष जातं म्हणाली. वरून स्पिरिट ओतलं. आग झाली. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, आपल्याकडे घरोघरी हेच करतात. पण हे करू नका. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट-डेटॉल-ब्लीच काही ओतायचं नाही. त्याने जखम आणखी चिडते. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, बस. डोळ्यात रक्त उडालं तर नुसत्या पाण्याने डोळा धूत राहायचं. हे मला नंतर सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांनी सांगितलं.

मॅडमनी सरांना फोन लावला. सर गाडीतून म्हणाले, "भरीव सुई आहे, पोकळ नाही. काही होत नाही. मला आजवर कितीदा लागली असेल." भरीव सुईत रक्त कमी राहतं हे खरंच आहे. पण ऐकून मला धीर आला नाही. मॅडमच्या चेहऱ्यावरूनही कळत होतं की पुढे नेमकं कुठे जायचं हे त्यांनाही माहीत नाही. त्यांनी एका मैत्रिणीला फोन केला, ती मोठ्या रुग्णालयात आहे. ती एवढंच म्हणाली, "सकाळची वाट बघू नका. आत्ताच्या आत्ता कॅज्युअल्टीला न्या. पहिली गोळी दोन तासांत पोटात गेली पाहिजे."

ती गोळी एचआयव्ही रोखण्याची. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा, म्हणजे नॅकोचा, नियमच आहे तो. जितक्या लवकर तितकं चांगलं, शक्यतो दोन तासांच्या आत, आणि कितीही उशीर झाला तरी 72 तासांच्या आत. त्यानंतर सुरू करून उपयोग नाही. कोर्स 28 दिवसांचा. त्यात टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकाच गोळीत असतात. हे सगळं मला आज तोंडपाठ आहे. त्या रात्री मला फक्त घड्याळ दिसत होतं.

आधी जवळच्या एका खासगी रुग्णालयात गेलो. तिथे गोळी नव्हती. सकाळी फिजिशियन येतील तेव्हा या म्हणाले. मेडिकलवाल्यालाही विचारलं, त्यानेही मान हलवली. मग पश्चिमेला सरकारी रुग्णालयात जायचं ठरलं. संध्याकाळी कोपरी पुलावर रिक्षा म्हणजे मुंगीच्या चालीने. मॅडम म्हणाल्या, चला ताई, चालत जाऊ. स्टेशनच्या पादचारी पुलावरून गर्दीत घुसत पलीकडे उतरलो आणि तिथून रिक्षा केली. मॅडमना मी कधी इतक्या वेगाने चालताना पाहिलं नव्हतं. मी हात छातीशी धरून चालत होते, जणू कोणाला धक्का लागला तर त्यालाच काही होईल.

कॅज्युअल्टीत ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने आधी आम्हाला दुसऱ्या दिवशी ओपीडीला या असंच सांगितलं. तिथल्या एका वयस्क सिस्टरांनी ते ऐकलं. त्या उठल्या, कपाटाच्या खणातून डबी काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "सर, ही रात्रीसाठीच ठेवलेली असते." पहिली गोळी मी तिथेच, त्यांच्याच पेल्यातल्या पाण्याने घेतली. दोन तास व्हायला थोडाच वेळ राहिला होता. त्या सिस्टरांचं नाव मी विचारलं नाही, याची मला अजून चुटपुट आहे.

मग डॉक्टर नीट बसून बोलले. सुई कसली, किती खोल, हातमोजा होता का, सुईवर रक्त दिसत होतं का, पेशंट कोण, हे सगळं लिहून घेतलं. माझं रक्त घेतलं, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्यासाठी. हे त्याच वेळी घेणं जरुरीचं असतं. आपल्याला आधीपासून काही नव्हतं याचा तोच पुरावा. नंतर काही निघालं तर ते कामावरच झालं हे दाखवायला दुसरं काही हातात नसतं.

आणि मग त्यांनी विचारलं, "हिपॅटायटिस बी ची लस झालीय का?"

नव्हती झाली. मला कोणी दिलीच नव्हती. माझ्या मुलीच्या कार्डावर तिच्या तिन्ही डोसांचे शिक्के आहेत. ही लस देशभरातल्या बाळांना नियमित लसीकरणात मिळायला लागली ती 2011 पासून. आमच्या वयाच्या बायका त्यातून सुटलेल्या. डॉक्टरांनी आकडे सांगितले तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की मी चुकीच्या आजाराला घाबरत होते. एचआयव्ही असलेल्या माणसाची सुई लागली तर हजारात तीन जणांना लागण होते. हिपॅटायटिस बी असलेल्याची सुई लागली आणि लस नसली, तर शंभरात सहा ते तीस जणांना. तो विषाणू सुकलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस टिकतो. ट्रेवर, नळाच्या खटक्यावर, कुठेही.

घरी पोचले तेव्हा नवऱ्याला दवाखान्यात उशीर झाला एवढंच सांगितलं. सासूबाई जेवायला थांबल्या होत्या. मी माझा टॉवेल वेगळ्या खुंटीला टांगला. तशी काही गरज नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी टांगला.

दुसऱ्या दिवशी खरा प्रश्न होता त्या काकांचा. त्यांचं रक्त तपासलं तर सगळं स्पष्ट होणार. पण कोणाच्याही संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातच तसं आहे आणि ते योग्यच आहे. दाढेसाठी घेतलेलं रक्त गुपचूप लॅबला पाठवून द्या, असंही कोणी सुचवलं होतं. मॅडमनी ते ऐकलं नाही. त्यांनी काकांना फोन केला. आधी ते चिडले. "म्हणजे माझ्यावर संशय?" मॅडम म्हणाल्या, "काका, संशय नाही. तुमच्या टाक्याची सुई आमच्या ताईंना लागली. त्यांना लहान मुलगी आहे. तुमच्या एका तपासणीने त्यांची एकतर औषधं थांबतील किंवा योग्य औषध मिळेल." काका थोडा वेळ गप्प होते. मग येतो म्हणाले.

आले तेव्हा गाल टेनिसच्या चेंडूसारखा सुजलेला, हातात बर्फाची पिशवी. तोंड उघडत नव्हतं, त्यामुळे समुपदेशक ताईंच्या प्रत्येक प्रश्नाला नुसती मान. सरकारी केंद्रात ही तपासणी फुकट होते. एचआयव्ही नाही निघाला. हिपॅटायटिस सी नाही. हिपॅटायटिस बी मात्र निघाला. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. कावीळ कधी झाली नव्हती, काही त्रास नव्हता. मला कळवायला त्यांनी स्वतः परवानगी दिली. त्यांच्याबद्दल याहून जास्त मी लिहीत नाही. एवढंच, की त्यांच्या घरच्यांचीही तपासणी झाली, बाकीच्यांना लस मिळाली आणि त्यांचा इलाज सरकारी कार्यक्रमातून चालू आहे.

एचआयव्हीच्या गोळ्या डॉक्टरांनी तिथेच थांबवल्या. आता हवं होतं हिपॅटायटिस बी चं इम्युनोग्लोब्युलिन. लस शरीराला स्वतःचं संरक्षण तयार करायला शिकवते, त्याला वेळ लागतो. हे इंजेक्शन तयार संरक्षणच देतं. शक्यतो 24 तासांत घ्यायचं, सात दिवसांपुढे सुईच्या जखमेत त्याचा भरवसा नाही. फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, त्यामुळे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. सरकारी रुग्णालयात त्या दिवशी ते शिल्लक नव्हतं. मॅडमचे मिस्टर दोन-तीन ठिकाणी फिरले आणि शेवटी एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध दुकानातून बर्फात घालून घेऊन आले. किंमत काही हजारांत. बिल बघून माझ्या पोटात गोळा आला. मॅडम म्हणाल्या, हे तुमच्या पगारातून नाही जाणार. तो विषय तिथेच संपला, पण प्रत्येकीच्या मॅडम अशा नसतात, आणि हे कोणाच्या चांगुलपणावर सोडायचं नसतं, हे मला पुढे कळलं.

एका दंडात ते इंजेक्शन, दुसऱ्या दंडात लसीचा पहिला डोस. दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्याला. लसीचे तिन्ही डोस मिळून काही शे रुपये. सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांना ती फुकट मिळते.

नणंदेची मुलगी न्यू जर्सीत दातांच्याच दवाखान्यात काम करते. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मामी, इथे कामावर लागल्यापासून कामाच्या दहा दिवसांत मालकाने लस द्यावीच लागते, त्याच्या खर्चाने." तिथला हा नियम 1991 चा आहे. मला वाटलं, अमेरिका ती अमेरिका. पण मॅडमनी जैव-वैद्यकीय कचऱ्याचे आपले 2016 चे नियम काढून वाचले, तर आपल्याकडेही तेच लिहिलेलं. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. कामावर घेताना आणि मग दरवर्षी प्रशिक्षण आणि आरोग्य तपासणी. हातमोजे, मास्क, ॲप्रन मालकाने पुरवायचे. आणि हे फक्त मोठ्या रुग्णालयांना नाही, एकही खाट नसलेल्या दवाखान्यालाही लागू. एचआयव्ही कायद्यातही संस्थेने कर्मचाऱ्यांना संरक्षणाची साधनं आणि ती गोळी पुरवायची, असं कलम आहे. मॅडम ते कागद हातात धरून बराच वेळ बसल्या होत्या. म्हणाल्या, आपण तक्ता लावला आणि काम झालं असं समजलो.

एक गंमत त्याच नियमात सापडली. मोठ्या अपघाताची जी व्याख्या आहे, त्यातून सुई टोचणं वगळलेलं आहे. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की त्याची नोंदच लागत नाही. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाला 30 जूनपर्यंत जो वर्षाचा अहवाल द्यायचा असतो, त्यात असे लहान अपघातही लिहायचे असतात. कोपरीतल्या सगळ्या दवाखान्यांनी ते खरं खरं लिहिलं तर किती निघतील, असं माझ्या मनात येतं. माझी नोंद आमच्या अहवालात गेली.

दवाखान्यात बदल झाले ते असे. पांढरा डबा सिंकखालून उठून खुर्चीशेजारी, हाताच्या अंतरावर आला. ज्याने सुई वापरली त्यानेच ती डब्यात टाकायची, हातमोजे काढायच्या आधी. टाक्याची सुई, ब्लेड, तार, सगळं. सरांना हे मॅडमनी सांगितलं तेव्हा त्यांना ते फारसं रुचलं नाही. आता मात्र टाके झाले की ते स्वतः "एक सुई" असं मोठ्याने म्हणून टाकतात आणि मी तो आवाज ऐकल्याशिवाय ट्रेला हात लावत नाही. डबा पाऊण भरला की बंद. गॉझ मुठीने नाही, चिमट्याने उचलायचा. हत्यारं धुवायला स्वयंपाकघरात भांड्यांना वापरतात तसे जाड रबरी हातमोजे आणले, ते तर दोन-तीनशे रुपयांत मिळतात.

जमिनीवर रक्त सांडलं तर मावशी आधी फिनाइलने पुसायच्या. आता आधी कागद टाकून रक्त टिपायचं, मग हायपोक्लोराइट ओतून दहा मिनिटं थांबायचं आणि मगच पुसायचं. बाजारात ते बहुधा 5 टक्क्यांचं मिळतं, त्याच्या एका भागात चार भाग पाणी घातलं की 1 टक्क्याचं होतं. रोज ताजं करायचं. खिडकीत उन्हात ठेवलेली बाटली नुसतं पाणी होऊन बसते.

मावशी आमच्या पगारावर नाहीत, सोसायटीच्या आहेत. तरी त्यांनाही मॅडमनी लस दिली. पिशव्यांना गाठ मारून खाली नेणाऱ्या त्याच, मग सुई लागायची ती त्यांनाच आधी. पहिल्या डोसाला त्या घाबरल्या होत्या, मीच हात धरून बसले.

माझ्या तपासण्या सहा महिने चालल्या. तेवढे दिवस रक्तदान नको म्हणून सांगितलं होतं. नवऱ्याला मी त्याच आठवड्यात सगळं सांगून टाकलं, कारण दंडावरचे दोन्ही बोळे त्याला दिसलेच होते. तो म्हणाला नोकरी सोड. मग म्हणाला नको सोडूस. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. प्रत्येक रिपोर्टच्या आदल्या रात्री मी कपाट आवरायला काढायचे, झोप यायची नाही म्हणून. शेवटचा रिपोर्ट चांगला आला. हिपॅटायटिस बी नाही, बाकीही काही नाही. तिसऱ्या डोसानंतर महिना-दीड महिन्याने संरक्षण तयार झालं का ते बघणारी तपासणी केली. दहाच्या वर आकडा हवा असतो, माझा चांगला वर आहे. ही तपासणी बरेच जण करत नाहीत. काहींच्या शरीरात तीन डोस घेऊनही संरक्षण तयार होत नाही, म्हणून ती करून घ्यावी.

आमच्या फळ्यावर आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर रात्री गोळी कुठे मिळते त्या कॅज्युअल्टीचा नंबर, इम्युनोग्लोब्युलिन ठेवणाऱ्या दुकानाचा नंबर, आणि नॅकोचा 1097, जो फुकट लागतो. हे नंबर प्रसंग येण्याआधी फोन करून खात्री करून ठेवा. त्या रात्री आमचा वेळ गेला तो कुठे जायचं हे विचारण्यातच गेला.

तुमच्या घरातली कोणी मुलगी, सून, बहीण अशा दवाखान्यात किंवा लॅबमध्ये कामाला असेल तर आज रात्री जेवताना तिला एवढंच विचारा, तिला हिपॅटायटिस बी ची लस कोणी दिली आहे का. नसेल तर उद्या तिने डॉक्टरांकडे मागावी. नियमाने ती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.